पंखा फिरतो, लाईट लागते, पण स्क्रीन काळीच. घरचा कॉम्प्युटर सुरू होत नाहीये (यावल)

तापीकाठ:
राम राम मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय. घरी जुना डेस्कटॉप आहे, आय थ्री थर्ड जनरेशन, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ अधिक ४ जीबी डीडीआर ३ रॅम, विंडोज १० एका २४० जीबीच्या एसएसडीवर आणि डेटा सगळा १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. मागच्या आठवड्यात आमच्याकडे वादळ झालं, केळीच्या बागा आडव्या झाल्या, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, काहीतरी पडलं आणि लाईट रात्रभर नव्हती. सकाळी लाईट आली तेव्हापासून बटन दाबलं की पंखा फिरतो, समोरची लाईट लागते, पण स्क्रीन काळी ती काळीच. तालुक्याच्या गावात एका दुकानदाराकडे घेऊन गेलो तर त्याने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं की मदरबोर्ड गेला, नवीन सेट घ्या, आणि जुन्या डिस्क फॉर्मॅट मारून त्यात लावून देतो. मी तसाच परत घेऊन आलो, कारण त्या हार्ड डिस्कवर वडिलांचा सगळा हिशेब आहे, खत, मजुरी, कटाईच्या पावत्या, फळपीक विम्याचे स्कॅन केलेले कागद, आणि नेमके आत्ता तेच कागद लागणार आहेत. डेटा वाचला पाहिजे हे पहिलं, मशीन वाचलं तर बरंच. कुठून सुरुवात करू?

धुळे_पारोळा_रोड:
भो एच ६१ म्हणजे बारा-तेरा वर्षं जुनं मशीन. त्यात पैसे घालू नका. गोलाणी मार्केटला जा जळगावला, सेकंड हॅन्ड आठव्या जनरेशनचं ऑफिसवालं मशीन घ्या, डिस्क त्यात टाका, विषय संपला.

भुसावळ_जंक्शन:
पारोळा रोडवाले भाऊ, घ्यायचं तेव्हा घेतील, वादळात बाग गेलेल्या माणसाला आधी नवीन मशीन घ्या म्हणणं मला पटत नाही.

तापीकाठ भाऊ, काही गोष्टी बघून सांगा. मॉनिटरवर "नो सिग्नल" असं येतं की मॉनिटरची लाईटच लागत नाही? कीबोर्डचं नम लॉक दाबल्यावर त्याची लाईट चालू-बंद होते का? बीप येतो का, आणि बोर्डाला तो छोटा काळा स्पीकर लावलेला आहे का, कारण नसेल तर बीप येणारच कुठून. पंखा एकसारखा फिरतो की फिरतो-थांबतो-फिरतो? आणि ग्राफिक कार्ड वेगळं लावलंय का? लावलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डला आहे की बोर्डाला तेही बघा, बऱ्याचदा साफसफाईत केबल चुकीच्या जागी लागते.

जुना_सोल्डर:
राम राम. मी अमळनेरचा, रेडिओ-टीव्हीपासून हे काम करतोय. भाऊ, पहिले काय व्हयनं ते नीट पाहू, मंग पैसा काढू.

"कॉम्प्युटर सुरू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असतात आणि दुकानात ते तिन्ही एकाच दराने विकले जातात, म्हणून मी हे पोटतिडकीने लिहितोय. पहिला, करंटच नाही. बटन दाबलं तरी काहीच हलत नाही. तिथे प्लग, भिंतीवरचा स्विचबोर्ड, एसएमपीएस (भिंतीच्या करंटचा बारीक व्होल्टेज करून आत देणारा डबा), बटन एवढंच बघायचं. दुसरा, करंट आहे पण बोर्ड स्वतःची तपासणी पूर्ण करत नाही, म्हणजे पंखा फिरतो, चित्र नाही. प्रोसेसर उठल्यावर बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्राम, आधी रॅम तपासतो, मग ग्राफिक, मग बाकीचं, आणि या तपासणीला पोस्ट म्हणतात. तिथे अडकलं तर विंडोज, डिस्क, व्हायरस यांचा काडीचा संबंध नाही. तिसरा, चित्र येतं, कंपनीचा लोगो येतो, पण विंडोज येत नाही. तिथे डिस्क, बूटची ऑर्डर, बूटच्या फाइली.

तुमचं सध्या दुसऱ्यात बसतंय. म्हणजे फॉर्मॅट मारून काहीही होणार नव्हतं. ज्याला स्क्रीनवर अक्षर दिसत नाही तो फॉर्मॅट कशाला मारेल? डेटाला अजून तरी धोका दिसत नाही, निवांत रहा.

नंदुरबारची_ताई:
डेटाबद्दल मी सांगते, कारण आमच्या शाळेच्या मशीनला एकाने न विचारता फॉर्मॅट मारला आणि कित्येक वर्षांचे फोटो, निकालपत्रकं सगळं गेलं, अजून मनातून जात नाही.

दादा, काहीही उघडण्याआधी ती १ टीबीची हार्ड डिस्क काढून ठेवा. दोन वायरी असतात, एक चपटी डेटाची, एक पॉवरची, दोन्ही हलक्या हाताने ओढा. तपासणीसाठी डिस्कची गरज नाही, बोर्ड डिस्कशिवायही चित्र दाखवतो. साटा टू यूएसबी केबल मिळते, पण मोठ्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेलीच घ्या, लॅपटॉपच्या डिस्कची केबल तिला पुरत नाही, नुसती किर्र करत बसते. ती भाचीच्या, शेजाऱ्याच्या कोणाच्याही लॅपटॉपला लावा आणि आधी विम्याचे कागद कॉपी करून घ्या, मग हिशेब, मग बाकीचं. लॅपटॉपवर "फॉर्मॅट करायचं का" असं विचारलं तर कॅन्सल.

डिस्कमधून टक टक असा ठराविक आवाज आला तर लगेच बंद करा, परत परत चालू करू नका. तसला आवाज म्हणजे आतला हेड नीट बसत नाहीये, आणि प्रत्येक वेळी चालू केलं की आतल्या चकतीवर ओरखडे पडायची भीती.

तापीकाठ:
ताई, खूप आभार. डिस्क काढली, चुलतभावाच्या लॅपटॉपला लावली, आवाज वगैरे काही नाही, सगळे फोल्डर दिसले. विम्याचे कागद आणि हिशेबाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. वडिलांच्या जिवात जीव आला.

आता भुसावळ भाऊंच्या प्रश्नांची उत्तरं. मॉनिटरवर "नो सिग्नल" येतं आणि मग तो झोपतो. नम लॉकची लाईट लागतच नाही. बीप नाही, तो काळा स्पीकर बोर्डावर दिसत नाही. पंखा एकसारखा फिरतो. ग्राफिक कार्ड नाही, केबल बोर्डालाच आहे.

भुसावळ_जंक्शन:
नम लॉक लागत नाही म्हणजे पोस्टमध्येच अडकलंय, मॉनिटरचा दोष नाही. आता रॅम.

प्लग काढा, नुसतं बटन बंद नाही, प्लगच बाहेर. मग समोरचं पॉवर बटन पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट उतरतो. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्टॅटिक फार असतं. दोन्ही रॅम काढा, क्लिपा दोन्ही बाजूला उघडून सरळ वर. सोनेरी पट्ट्यांवरून पांढरा मऊ खोडरबर हलकेच फिरवा, घासायचं नाही, निळा शाईचा खडबडीत खोडरबर अजिबात नाही, आणि खोडरबराचा भुगा पूर्ण झटका, स्लॉटात गेला तर नवीन दुखणं. स्लॉटात फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आणि थुंकी जाते. स्वच्छ कोरडा पेंटचा ब्रश फिरवा. मग एकच रॅम एका स्लॉटात, टक असा आवाज येईपर्यंत दाबून, आणि चालू करा. चित्र नाही आलं तर तीच रॅम दुसऱ्या स्लॉटात. मग दुसरी रॅम तशीच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

जुना_सोल्डर:
बरोबर सांगितलं. यात एक भर. दोन्ही रॅम पूर्ण काढून चालू केल्यावर स्पीकर लावलेला बोर्ड बीप देतो, म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत, रॅम शोधताहेत. कॅबिनेटचा तो छोटा स्पीकर चाळीस-पन्नास रुपयांत कुठेही मिळतो, बोर्डावरच्या चार पिनांवर बसतो. मी तर म्हणतो प्रत्येकाने लावून ठेवावा. बीपांची भाषा प्रत्येक बायोसची वेगळी असते, त्यामुळे कुठल्यातरी यादीत बघून "दोन बीप म्हणजे अमुक" असं ठरवू नका, आपल्या बोर्डाच्या पुस्तिकेत बघा.

आणि प्रोसेसरजवळ एक वेगळी चार पिनांची पॉवर वायर असते, दोन पिवळ्या दोन काळ्या. ती ढिली असली तरी हेच होतं, पंखे फिरतात आणि पुढे काही नाही. तीही दाबून बघा.

शिरपूरचा_पोरगा:
मध्येच विचारतोय माफ करा. माझ्या लॅपटॉपलाही असंच काहीतरी झालं, पण वेगळं, बायोस अपडेट केल्यावर निळी स्क्रीन येते आणि रिकव्हरी की मागते, भलामोठा नंबर. मी तर कधी कुठला पासवर्ड टाकलाच नव्हता. विंडोज ११ आहे.

भुसावळ_जंक्शन:
ते बिटलॉकर आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाऊंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, माणसाला माहितही नसतं. बायोसमध्ये काही बदललं की ते कुलूप संशय घेतं आणि ४८ अंकी की मागतं. ज्या ईमेलने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला होता त्याच मायक्रोसॉफ्ट अकाऊंटला मोबाईलवरून लॉगिन करा, तिथे डिव्हाइसच्या खाली रिकव्हरी की दिसेल, स्क्रीनवरचा की आयडी जुळतो का ते बघून टाका. कॉलेजच्या ईमेलने सुरू केला असेल तर कॉलेजच्या आयटीवाल्यांकडे असू शकते. कीशिवाय तो डेटा कोणीही उघडू शकत नाही, "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

शिरपूरचा_पोरगा:
मिळाली!! वडिलांच्या ईमेलवर होती. आता कागदावर लिहून ठेवतो.

तापीकाठ:
मंडळी, चित्र आलं!! एक रॅम एका स्लॉटात टाकली, काही नाही. तीच दुसऱ्या स्लॉटात टाकली आणि लोगो दिसला. दुसरी रॅमसुद्धा त्या स्लॉटात चालते. पहिल्या स्लॉटात कोळ्याचं जाळं आणि कापसाच्या जिनिंगची असते तशी बारीक रुई चिकटलेली होती, आमच्या घरामागेच जिनिंग आहे. ती ब्रशने काढली तर आता दोन्ही स्लॉट चालतात, ८ जीबी पूर्ण दिसतेय.

पण गाडी पुढे अडली. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत येतं की तारीख-वेळ सेट नाही, सीमॉसचा चेकसम चुकलाय, एफ १ दाबा. एफ १ दाबलं की विंडोजचं चिन्ह येतं, गोल फिरतं आणि निळी स्क्रीन, "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस". मग स्वतःच रिस्टार्ट, परत तेच. रिपेअरचं पान येतं, स्टार्टअप रिपेअर केलं, म्हणतं दुरुस्त करता आलं नाही. आता एसएसडी गेली का?

धुळे_पारोळा_रोड:
एसएसडी गेली असेल नाहीतर विंडोज करप्ट. नवीन विंडोज टाका आता, डेटा तर दुसऱ्या डिस्कवर आहेच.

जुना_सोल्डर:
थांबा, थांबा. विंडोज टाकू नका. त्याने लिहिलेलं वाक्य परत वाचा, तारीख-वेळ सेट नाही. उत्तर तिथेच पडलंय.

बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. भिंतीचा करंट चालू असतो तोवर एसएमपीएसची जांभळी वायर बोर्डाला ५ व्होल्ट देतच असते, मशीन बंद असलं तरी, आणि तेवढ्यावर बायोसच्या सेटिंग जिवंत राहतात. म्हणजे सेल मेलेला असला तरी वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. रात्रभर लाईट गेली, जांभळी वायर थंड झाली, सेलमध्ये दम नाही, सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या. वादळाने तुमचा बोर्ड जाळला नाही, त्याने फक्त मेलेला सेल उघडा पाडला.

आता निळी स्क्रीन. बायोस कोरा झाला की कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जातो. एच ६१ च्या बऱ्याच बोर्डांवर साटा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत, मूळचा आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा असतो. ज्याने तुम्हाला एसएसडी टाकून विंडोज १० घातलं त्याने बहुतेक तो एएचसीआय, म्हणजे नव्या पद्धतीचा केला असणार, एसएसडीला तोच योग्य. विंडोज एएचसीआयच्या ड्रायव्हरने उठायला शिकलेलं, आणि समोर डिस्क दिसतेय आयडीईच्या वेषात, म्हणून ते म्हणतं मला माझी बूटची डिस्क सापडत नाही. एसएसडी गेली असती तर विंडोजचं चिन्ह तरी आलं असतं का?

करायचं असं. नवीन सेल टाका, मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा, २.८ च्या खाली असेल तर कामातून गेला. मशीन चालू करताना डिलीट की दाबत रहा, बायोस उघडेल. तारीख-वेळ टाका. साटा कॉन्फिगरेशनमध्ये मोड एएचसीआय करा. बूटच्या यादीत एसएसडी पहिली. एफ १० दाबून सेव्ह.

तापीकाठ:
सोल्डर नाना, हात जोडतो तुम्हाला. जुना सेल १.१ व्होल्ट दाखवत होता. नवीन टाकला, साटा मोड खरंच आयडीई होता, एएचसीआय केला, विंडोज सरळ उघडलं. वडिलांचा हिशेब जिथे होता तिथेच उघडा पडलाय. नवीन विंडोज, नवीन बोर्ड, काहीच लागलं नाही.

नंदुरबारची_ताई:
फार फार बरं वाटलं वाचून. दादा आता ती एक प्रत पेनड्राइव्हवर आहे ती तशीच ठेवा, आणि आणखी एक प्रत दुसऱ्या घरात, मामाकडे, बहिणीकडे, कुठेही. एका घरात दोन प्रती म्हणजे एकाच पावसात दोन्ही.

तापीकाठ:
मंडळी, परत आलो. सकाळी छान चालतं, पण दुपारी दोन-तीन वाजता अचानक बंद पडतं, बटन दाबलं की पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो, संध्याकाळी गार झालं की परत चालू. आणि हे पहिल्यापासून आहे पण कधी लिहिलं नाही, अनवाणी असताना कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात.

जुना_सोल्डर:
ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही आपल्या खान्देशातली नेहमीची.

दुपारचं बंद पडणं. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. एसएमपीएसमध्ये जे डब्यासारखे कपॅसिटर असतात त्यांच्या आत ओलसर रसायन असतं, ते उन्हाने वाळत जातं. साधा हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणून पुण्यात दहा वर्षं चालणारा एसएमपीएस आमच्याकडे निम्म्यात दमतो. ते दमले की लोड आल्यावर व्होल्टेज खाली बसतं.

मोजायची पद्धत. मशीन चालू असताना हार्ड डिस्कला जाणाऱ्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर डीसी २० वर लावा, काळी वायर काळ्यात, लाल टोक पिवळ्यात. १२ व्होल्टला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. लाल वायरवर ५ पाहिजे, ४.७५ ते ५.२५. एकदा निवांत असताना मोजा, एकदा व्हिडिओ चालू करून, लोड आल्यावरचा आकडा खरा. आणि टोकं पिनेला लावताना दोन वायरी एकमेकींना टेकू देऊ नका. बायोसमध्येही व्होल्टेज दिसतं पण त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

एसएमपीएस उघडू नका. आत मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. मी स्वतः उघडतो, पण तुम्ही नाही उघडायचा. जाळीतून टॉर्चने बघा, डब्यांची टोपी सपाट पाहिजे, फुगलेली नको.

भुसावळ_जंक्शन:
आणि प्रोसेसरचा पंखा काढून पाहिला का? खालची उष्णता ओढणारी पेस्ट वाळून खडू झाली असेल तरी दुपारी बंद पडतं. फरक असा की प्रोसेसर तापला तर आधी मशीन स्लो होतं आणि मग बंद पडतं, आणि थोडं थांबून लगेच परत सुरू होतं. तुमचं पंखा अर्धा फेरा फिरून थांबतंय, ते एसएमपीएसकडे बोट दाखवतंय. पेस्ट तरी बदलाच, तांदळाच्या दाण्याएवढी पुरते.

चोपड्याचा_वायरमन:
मुंग्या येतात त्याचं मी सांगतो कारण हे माझं रोजचं काम आहे आणि लोक याला किरकोळ समजतात, ते किरकोळ नाही.

एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यात दोन बारके कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग चांगली असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर साधारण अर्धं व्होल्टेज लोंबकळत राहतं, टेस्टर लावा, लागेल. करंट बारीक असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण उद्या आत खरोखर फेज पत्र्याला टेकली तर वाचवायला काही नाही.

सॉकेटवर मल्टिमीटर एसीवर ठेवून मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ शून्याजवळ, दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक. फेज-अर्थ काहीतरीच येत असेल तर अर्थिंग नाहीच. आपल्याकडे बऱ्याच घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. आणि जिथे असते तिथे उन्हाळ्यात खड्डा वाळून जातो. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर मार्चपासून पावसापर्यंत त्यात पाणी टाकत चला, बादलीभर, आठवड्यातून एक-दोनदा.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. काही लोक सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थची वायर जोडून देतात, मुंग्या थांबतात, गिऱ्हाईक खूश. ज्या दिवशी डीपीवरून न्यूट्रल तुटेल त्या दिवशी फ्रिज, कॅबिनेट, धुण्याचं मशीन, सगळ्यांच्या पत्र्यावर पूर्ण फेज येईल. घरात लेकरं असतात. असं कोणी केलं असेल तर आजच काढून घ्या.

धुळे_पारोळा_रोड:
वायरमन भाऊ हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे धुण्याच्या मशीनला मुंग्या येतात, उद्याच मोजतो.

तापीकाठ:
मोजलं सगळं. १२ व्होल्टची पिवळी निवांत असताना ११.५, व्हिडिओ चालू केला की ११.१, आणि ती दुपारची वेळ होती. फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ नुसतं ९० च्या आसपास हेलकावे खात होतं. सॉकेट उघडलं तर अर्थची वायर होती पण अंगणातल्या खड्ड्यात नुसती धूळ, लोखंडी पाइपाचं टोक गंजून सुटलेलं. आमच्या गावच्या वायरमन काकांना बोलावून खड्डा नवीन केला.

एसएमपीएस कोणता घेऊ? दुकानात ४५० वॉट लिहिलेले एकदम स्वस्त पण आहेत आणि त्याच वॉटचे तिप्पट भावाचे पण.

जुना_सोल्डर:
या मशीनला ३०० वॉटसुद्धा भरपूर आहेत, आकड्याला भुलू नका. हातात घेऊन बघा, हलका फुलका असेल तर आत मालच नाही. लेबलवर १२ व्होल्टच्या पुढे किती अँपियर लिहिलंय ते वाचा. ४५० वॉटवाल्याला १२ व्होल्टवर तीस अँपियरच्या वर पाहिजेत, तिथे पंधरा-सोळा लिहिलं असेल तर ४५० नुसतं छापलंय. वॉरंटी तीन वर्षांची तरी असलेला घ्या. मागे ११५-२३० चा लाल खटका असेल तर २३० वर आहे ना ते बघूनच प्लग लावा आणि लहान मुलांचा हात तिथे जाऊ देऊ नका, ११५ वर गेला तर फटाका फुटतो.

भुसावळ_जंक्शन:
इन्व्हर्टरवर चालवता का? चालवत असाल तर मागचा खटका यूपीएस मोडवर पाहिजे. नॉर्मल मोडला लाईट गेली की इन्व्हर्टर उठायला वेळ लागतो, तेवढ्यात मशीन रिस्टार्ट होतं, चांगला एसएमपीएससुद्धा सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. अडचण एवढीच की यूपीएस मोड साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईट घेत नाही, बॅटरीवर जातो, आणि आपल्याकडे शेतपंप सुरू झाले की व्होल्टेज तेवढं खाली जातंच. तसं असेल तर कॉम्प्युटरला वेगळा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या.

तापीकाठ:
छोटा यूपीएसच घेतो. एक शेवटचं, विंडोज १० चं काय? म्हणे बंद झालं.

भुसावळ_जंक्शन:
चालायचं बंद झालेलं नाही, १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत सुरक्षेचे अपडेट बंद झालेत. घरच्या वापरासाठी वाढीव अपडेटची नोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर त्याची लिंक दिसते. विंडोज ११ ला मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे इंटेलची आठवी जनरेशन लागते, तुमचं त्यात बसत नाही, आणि कोणी जुगाड करून टाकून देतो म्हणाला तरी वडिलांच्या हिशेबाच्या मशीनवर ते नको. त्यानंतर लिनक्स मिंट टाकू, ८ जीबी आणि एसएसडीवर मस्त चालतं, मराठी टायपिंग होतं, हिशेबाच्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, डिस्कला हात न लावता. वडिलांना जमतंय का ते त्यांनाच बसवून बघा.

तापीकाठ:
नवीन एसएमपीएस बसवला, पेस्ट बदलली, कॅबिनेट पत्र्याच्या खोलीतून मधल्या घरात आणलं. भर दुपारी व्हिडिओ चालू ठेवून पिवळी मोजली, १२.०५. मुंग्या गेल्या, टेस्टर लागत नाही, न्यूट्रल-अर्थ एक व्होल्टाच्या आत. विम्याचे कागद भरले, वडिलांनी स्वतः प्रिंट काढले.

जुना_सोल्डर:
भारी काम कयं भाऊ. आता बायोस उघडून प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो काढा, साटा मोडचं पान तर नक्की, आणि प्रिंट काढून कॅबिनेटच्या आतल्या झाकणाला चिकटवा, सेल कधी टाकला ती तारीख पण त्यावर लिहा. पुढच्या वेळी जो कोणी झाकण उघडेल त्याला विचारत बसावं लागणार नाही.

तापीकाठ:
फोटो काढले नाना. प्रिंट चिकटवली, साटा मोड एएचसीआय हे वर लाल पेनाने लिहिलंय, खाली सेलची तारीख.